गावातील मोजणी : स्त्रीरोगांच्या इतिहासातील एक टप्पा

स्त्रीरोगांची वर्णने आपल्याकडे प्राचीन आहेत. त्यांची मोजणी मात्र अगदी अलीकडची होय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २० योनिव्यापद् वर्णिल्या आहेत. मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. परंतु रुग्णालयाच्या नोंदवहीत दारापर्यंत पोचलेल्या स्त्रीचीच नोंद होणार. न पोचलेलीविषयी ती वही मौन पाळते. १९५२ पासून कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमात जन्मांची व शस्त्रक्रियांची मोजदाद वाढत गेली, पण ज्या गर्भाशयाची शासनास एवढी चिंता, त्याच्या दुखण्यांना त्या हिशोबात फारसे स्थान नव्हते.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांच्या गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यासाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी रुग्णाची वाट न पाहता दोन गावे निवडली व तेथील ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६. निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. पूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के.

आमच्या मते याहून बोलका आकडा दुसराच आहे. ४५ टक्के स्त्रियांची कसलीच तक्रार नव्हती. म्हणजे एकूण स्त्रियांपैकी निदान ३७ टक्के रोगी असूनही तक्रारीवाचून होत्या. काही रोग लक्षणांवाचून असतात हे खरे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. अंगावर पांढरे जाणे, पाळीत ओटीपोट दुखणे, अंग बाहेर येणे, या सर्वांना बायकांच्या बोलीत शब्द आहेत. शब्द आहेत, सांगण्याजोगे माणूस नाही. मग दुखणे बाईच्या जन्माचा भाग ठरते. गावांतील सर्वच पात्र स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवून ९२ हा आकडा साऱ्या देशाला सरसकट लावू नये. तथापि प्रश्न मांडण्यास तो पुरेसा होता. १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेत प्रजनन-आरोग्य ही कल्पना मान्य झाली, तिच्यामागील पुराव्यांत या अभ्यासाची गणना होते.

तक्रार उघड झाली म्हणजे योग्य उपचार होतोच असे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांस पाळीमुळे कामावर खाडा पडला तर मुकादमाकडून पैसे कापले जात. पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींची ‘पिशवी’च काढण्यात आली. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याच वर्षी त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक घालण्यात आला.