रामघाटाची गाडीवाट

बेळगावात रामघाट रोड आहे. गणेशपूर-हिंडलग्याच्या अंगाला राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या पत्त्यात हे नाव असते. लग्नपत्रिकेवर ते मराठीत छापले जाते, विजेच्या बिलावर कानडीतून येते. पण हा रामघाट आहे तरी कोठे, असे विचारले की दहांतले आठ जण गप्प बसतात. एका गृहस्थांनी मला मोठ्या विश्वासाने सांगितले, की मार्कंडेय नदीवर पूर्वी रामाच्या देवळापाशी घाट असावा. नदी जवळून वाहते, तेव्हा तर्क अगदीच वेडगळ नव्हे. पण रामघाट हा नदीचा घाट नव्हे. तो सह्याद्री उतरून कोकणात जाणारा घाट. बेळगावपासून तो बराच दूर, पश्चिमेला चंदगडच्या रानात आहे. रस्त्याला नाव मिळते ते तो जेथे नेऊन सोडतो त्यावरून, आणि आता हा रस्ता तेथे नेऊन सोडत नाही म्हणून त्याचे नाव कोणाला कळेनासे झाले आहे.

मला हा घाट ठाऊक होता तो आजीमुळे. माझ्या आईच्या आईचे माहेर घाटाखालचे, भेडशीचे. तिला बेळगावकडे दिली तेव्हा ती हा घाट चढून आली. वऱ्हाड पायी, सामान बैलांच्या पाठीवर. पुढच्या सबंध आयुष्यात ती माहेरी गेली दोनदाच. "उतरायचं काही नाही रे, परत चढायचं कोणी?" असे ती म्हणे. त्या वाक्यातला चढ मला फार उशिरा समजला.

गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर पुण्याहून माझा भाचा आला, तो नवी गाडी घेऊन. गाडीचे नाव सांगत नाही. दिवाळी अंकात जाहिरातींची पाने वेगळी असतात. एवढेच सांगतो, की तिच्यात चढण्यासाठी मला पायरी लागली आणि आत बसल्यावर आपण कोणाच्या तरी दिवाणखान्यात आगंतुक म्हणून आलो आहोत असे वाटले. कातडी आसने, गार वारा, समोर टीव्हीसारखा पडदा. "मामा, ही चारही चाकांनी ओढते. कुठंही जाते," भाचा म्हणाला. मी म्हणालो, "मग रामघाटात चल."

हिंडलगा मागे टाकून आम्ही वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलो. शिनोळीला कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू झाला. भाच्याने पाट्यांची लिपी बदलल्याचे दाखवले. मी त्याला सांगितले, की ही सीमा तुझ्या आईच्या जन्माच्या वेळी नव्हती. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मागे राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे जी वाट शतकानुशतके एकच होती, तिच्यावर मध्येच एक रेघ आली.

वाचकांपैकी तरुणांना कदाचित नवल वाटेल, पण बेळगावचे जुने बंदर म्हणजे वेंगुर्ले. सतराव्या शतकात तेथे डचांची वखार होती. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. १८१८ च्या एप्रिलमध्ये थॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे येथे मोठी छावणी वसली. छावणीला दारूगोळा, औषधे, गोऱ्या साहेबांची कपाटे आणि बाटल्या हव्या असत. हे सारे समुद्रावरून वेंगुर्ल्याला उतरे आणि घाट चढून बेळगावी येई. निपाणीकरांना जसा फोंडा घाट, तसा बेळगावकरांना रामघाट. देशावरचे धान्य खाली जाई, कोकणचे मीठ वर येई. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले ते लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोणी लादून.

पाटणे फाट्यावरून आम्ही आत वळलो. तिलारीनगरच्या अलीकडे एका धनगरवाड्याकडे जाणारी कच्ची वाट आहे, ती पकडली. आता गाडीची परीक्षा सुरू झाली. चंदगडचा पाऊस कोकणाच्या तोडीचा. दसऱ्यानंतरही तांबडी माती लोण्यासारखी होती आणि पावसाने उघडे पाडलेले जांभे दगड मध्येच डोके काढून बसले होते. भाच्याने एक कळ दाबली, गाडी अंगभर वर उचलली गेली. दुसरी दाबली, इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली.

"हे काय केलेस?" मी विचारले. त्याने समजावले ते असे. इंजिनाची शक्ती तेवढीच राहते, पण दुय्यम गिअरपेटीतून ती चाकांकडे जाताना वेग कमी होतो आणि ओढ वाढते. मला लगेच उसाची गाडी ओढणारे बैल आठवले. चढ आला की चांगला बैल पाऊल लहान करतो, मान खाली घालतो आणि जू रेटतो. यंत्रानेही तेच केले होते. पुढे एका ओघळीत डावे चाक अधांतरी लटकले. साध्या मोटारीत अशा वेळी सारी शक्ती त्या मोकळ्या चाकातच वाया जाते, ते गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. येथे यंत्राने ते चाक आवरले आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना ओढ दिली. गाडी हिसका न देता वर आली. उतारावर तर भाच्याने ब्रेकवरचा पायच काढला. माझे दोन्ही हात आसनाला चिकटले. पण गाडी आपली आपण, एकेका चाकाचा ब्रेक दाबत-सोडत, सावकाश उतरली.

आजी सांगे, की उतारावर गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका दोराने बांधून फरफटत नेत. गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. आणि चढावर एक पोरगा हातात दगड घेऊन चाकामागून चाले. बैल दमले की चाकाला उटी लावायची. तो ओंडका आणि तो पोरगा आता पडद्यामागच्या यंत्रात जाऊन बसले आहेत.

या जातीच्या गाड्यांचा इतिहासही मजेचा आहे. त्यांचा मूळ पुरुष म्हणजे १९४१ ची अमेरिकन लष्करी जीप. महायुद्ध संपल्यावर १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी ती जुळवायला घेतली आणि आमच्या लहानपणी जीप आली म्हणजे मामलेदार, फौजदार किंवा निवडणूक यांपैकी काहीतरी आले असे समजावे. इंग्लंडात १९४८ साली लँड रोव्हर निघाली. युद्धानंतर पोलादाचे रेशन होते, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमचे केले. १९७० मध्ये आली रेंज रोव्हर. आज तिचे नाव ऐश्वर्याशी जोडले जाते. पण पहिल्या गाडीत आत प्लॅस्टिकचे आच्छादन होते, चिखल झाला तर नळीने पाणी मारून धुता यावे म्हणून! दारेही दोनच. चार दारे आली ती १९८१ साली, आणि गालिचे, कातडे, लाकूडकाम हे सगळे हळूहळू मागून आले. त्याच कंपनीची मालकी २००८ साली टाटांकडे आली, आणि २०२४ पासून रेंज रोव्हर आपल्या पुण्यातही तयार होऊ लागली.

पण अशा गाडीलाही रानाने गुडघे टेकायला लावल्याची एक गोष्ट आहे. १९७१ च्या अखेरीस दोन रेंज रोव्हर घेऊन ब्रिटिश सैनिकांची एक तुकडी अलास्कातून निघाली. उत्तर टोकापासून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जायचे होते. हजारो मैलांचा रस्ता त्यांनी भराभर कापला. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये मात्र डॅरियनचे दलदलीचे अरण्य आहे, तेथे रस्ताच नाही. तेवढ्या तुकड्याला सुमारे शंभर दिवस लागले. दलदलीसाठी मुद्दाम बसवलेल्या मोठ्या टायरांचा ताण आतल्या दातेरी चक्रांना सोसेना, ती मोडली. नद्या ओलांडायला फुगवलेले तराफे लागले, झाडे तोडायला माणसे लागली, आणि ओझी वाहायला अखेर घोडेच लागले.

आर्थर वेलस्लीला हे आधीच ठाऊक होते. १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्यासाठी तो म्हैसूरकडून पुण्याला निघाला, तेव्हा आपल्याच मुलखातून गेला. निपाणीचे आप्पासाहेब देसाई त्याच्या सैन्याबरोबर होते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हा सेनापती, पण त्याची हिंदुस्थानातली पत्रे चाळली तर तोफांइतकीच चिंता बैलांची दिसते.

बोलता बोलता वाडा आला. वाड्यापुढे वाट अरुंद होऊन झाडीत शिरत होती. भाचा गाडी तशीच पुढे घालणार, तोच डोक्याला मुंडासे बांधलेला एक म्हातारा काठी आडवी धरून उभा राहिला.

"गाडी हितंच ठेवा, पाव्हणं. फुडं वाट हाय, रस्ता न्हाई."

भाच्याला ते पटेना. त्याच्या चेहऱ्यावर जिद्द चढली होती. "मामा, ह्याच्यापेक्षा वाईट वाटा हिनं काढल्यात," तो म्हणाला. खरे सांगतो, मलाही मोह झाला. गुडघे दुखतात; आजीचे माहेर वरून का होईना, बसल्या जागेवरून दिसले असते. पण पुढे वनखात्याचे रान होते, परवानगीवाचून चाक घालणे बरे नव्हे. आम्ही उतरलो.

शंभरेक पावलांवर जे दिसले त्याने दोघेही थबकलो. डोंगराच्या बाजूला उतार कापून वाट सपाट केलेली होती, आणि दरीच्या बाजूला दगडांवर दगड रचून, चुन्याशिवाय, तिला आधार दिला होता. शेवाळाने दगड हिरवे झाले होते, तरी ओळ सुटली नव्हती. मध्ये एके ठिकाणी तो बांध ढासळला होता. भाचा वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, गाडी आणली असती तर हा उरलेला बांधही खाली गेला असता." अडीच टनांचे धूड, ओल्या दगडांनी ते कशाला सोसावे?

मी त्याला म्हणालो, "तुझ्या भाषेत ह्याला 'ऑफ रोड' म्हणतात ना? रस्ता नसलेली जागा. अरे, हाच रस्ता होता. बेळगावचा राजरस्ता."

हा रस्ता मेला कसा, तेही सांगायला हवे. रामघाटाचा चढ खडा. पाठीवर ओझे घेतलेला बैल असा चढ चढतो, भरलेली गाडी ओढणारा बैल चढत नाही. चाकाला मंद चढ लागतो. डोंगरी रस्त्यावर वीस पावलांना एक पाऊल उंची हे माप आजही आपल्याकडे योग्य समजतात. तसा चढ साधायचा तर रस्त्याला वळणे देत देत लांब फिरवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा घाटरस्ता तसा बांधला गेला आणि गाड्या तिकडे वळल्या. मग १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगावहून कॅसलरॉकमार्गे आगगाडी वर आली, तेव्हा माल वेंगुर्ल्याकडूनही सरकला. रामघाटात उरली ती पायी जाणारी माणसे, माझ्या आजीसारखी. पुढे तिलारीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी झालेल्या रस्त्याने मोटारी भेडशीला उतरू लागल्या आणि पायी जाणारेही संपले.

आजीने माहेर सोडले तेव्हा भेडशी सावंतवाडी संस्थानात, शेजारी पोर्तुगीजांचा गोवा, घाटमाथा आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. ती गेली तेव्हा माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात होते. ह्यातले काहीच तिने मागितले नव्हते. तिच्या हिशेबी अंतर एकच होते, पायांचे. आपल्या सीमाभागातल्या घराघरांतून अशी एखादी आजी निघेल, जिची सोयरीक नकाशाहून जुनी आहे.

म्हाताऱ्याने आम्हाला कड्याच्या टोकापर्यंत नेले. खाली धुक्यातून तिलारीचे पाणी चमकत होते. भेडशी कोणती ते त्याने काठीने दाखवले. मला नीट दिसले नाही, तरी मी मान हलवली. भाचा मात्र बराच वेळ उभा होता. "पणजी हे चढून आली?" त्याने विचारले. "अनवाणी," मी म्हणालो. परतताना चढ लागला तेव्हा आम्ही तीनदा बसलो. म्हातारा एकदाही बसला नाही.

गाडीत बसल्यावर भाच्याने गार वारा सुरू केला नाही, काचा उघड्या ठेवल्या. रात्री बेळगावी घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी त्याने पुण्याच्या आपल्या धाकट्या मुलीला फोन लावला आणि आमच्या घराचा पत्ता सांगू लागला. "रामघाट रोड," तो म्हणाला. तिने बहुधा तोच प्रश्न विचारला असावा. कारण तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ऐक, सांगतो."