मोकळी जागा

परवा भाची म्हणाली, "मामा, मला नगररचना शिकायचीय. तू इतकी वर्षं नेमकं काय केलंस रे?" मी सवयीने म्हणालो, "नकाशे रंगवले." ती हसली. मला मात्र रात्रभर एक जुनं मोजमाप आठवत राहिलं.

आमच्या कामाचे दोन कप्पे. एक जमीनवापराचा. घरं कुठे, कारखाने कुठे, मैदान कुठे, एफएसआय किती. दुसरा वारशाचा. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, विकास नियमांतला ६७ क्रमांकाचा नियम म्हणून. त्याआधी संरक्षण असे ते प्रामुख्याने लेणी, किल्ले यांना. माणसं राहतात, दुकानं थाटतात अशा इमारतींना कुणी वाली नव्हता. आता त्यांची यादी झाली, तीन श्रेणी ठरल्या. आम्ही तरुण मंडळी खूश होतो!

पण गिरणगावाचा निकाल ६७ नव्हे, ५८ क्रमांकाच्या नियमाने लावला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बऱ्याच गिरण्या त्यातून सावरल्याच नाहीत. मागे उरली ऐन शहरातली सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले: मैदानांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेला मालकाला.

२००१ साली नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी फक्त 'मोकळ्या' जागेची. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जागा त्यात धरायची नाही.

त्या सुमारास मी एका गिरणीत टेप घेऊन गेलो होतो. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्यातून उत्तरेचा थंड उजेड. विणकामाची शेड बैठी असते, त्यामुळे जवळजवळ सगळा प्लॉट तिनेच व्यापलेला. सोबतच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने विचारलं, "साहेब, एवढं बारकाईनं मोजताय, म्हणजे हे ठेवणार ना?"

मी म्हणालो, "बघू."

मला ठाऊक होतं. शेडचं माप जितकं मोठं, तितकं मैदान लहान. मी इंच न् इंच बरोबर मोजला. कागदावर शेड उभी राहिली, मालकाच्या वाट्याची जमीन राखली, आणि मग प्रत्यक्षातली पाडली गेली. चिमणी तेवढी राहिली काही दिवस.

प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने 'मोकळी' याचा व्यापक अर्थ लावला, पाडल्यावर सुटणारी जागाही धरली. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. विषय संपला.

माझं मोजमाप चुकीचं नव्हतं. कुणी बोट ठेवू शकणार नाही. पण आमच्या दोन कप्प्यांमध्ये एक दार असतं, तर त्या फाइलवर मी निदान एक ओळ लिहिली असती की ही इमारत बघण्यासारखी आहे. तेव्हा सुचलं नाही. खरं सांगायचं तर, धीर झाला नाही.

असो. रविवारी भाची येतेय. तिला घेऊन लालबाग-परळ पायी फिरणार आहे. तिला एवढंच सांगेन, बाई गं, नियम वाचायला घेतलास की आधी व्याख्यांचं पान उघड. आणि कुणी विचारलं "हे ठेवणार ना?", तर "बघू" म्हणू नकोस.