बिअर-गुणांकन (पबमधील)

पबमध्ये नळातून ग्लासात आलेल्या बिअरचा दर्जा ठरवण्याची पद्धत. ब्रिटनमधील ‘कॅमरा’ (स्थापना १९७१) या ग्राहक संघटनेचे सदस्य त्यासाठी ० ते ५ गुण देतात. ० म्हणजे पिण्यालायक बिअरच नाही, ५ म्हणजे अप्रतिम.

अशी पारख भारतातही करता येते: पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’ या छोट्या बिअर-भट्टीने (मायक्रोब्रुअरी) पुढे मुंबईतल्या अंधेरीत टॅपरूम, म्हणजे आपली बिअर विकणारा पब, उघडली. उपनगरातल्या गिऱ्हाइकाला ताज्या बिअरचे प्रकार शेजारी ठेवून ताडता येऊ लागले.

परीक्षा डोळ्यांनी सुरू होते. ग्लासाच्या आतून बुडबुडे चिकटले, तर तो नीट धुतलेला नसतो. नंतर नाक: लोण्याचा वास डायअसिटिल या रसायनाचा, ओल्या पुठ्ठ्याचा शिळेपणाचा, व्हिनेगरचा बहुधा अस्वच्छ नळीचा. अतिथंड बिअरमध्ये हे दोष दबतात. हेफेवाइझन या गव्हाच्या बिअरचा गढूळपणा मात्र दोष धरत नाहीत.