सराई, बारादरी आणि आजीचा प्रश्न

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने एक पीडीएफ टाकली. बारा स्लाइड्स. विषय: आमचा गावाकडचा वाडा.

वाडा म्हटल्यावर लगेच शनिवारवाडा डोळ्यांसमोर आणू नका, मंडळी. दगडी जोतं, मधे चौक, सागवानी खांब आणि पावसाळ्यात सहा ठिकाणी गळणारं माळवद, एवढाच ऐवज. गाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, फर्दापूरपासून जवळच. तिथे सध्या आजी एकटीच राहते. वय ८१. डिसेंबरात न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारच्या काकूंना कळेपर्यंत तासभर तशीच पडून होती. तेव्हापासून आम्हा सगळ्यांची झोप उडाली आहे.

दादाचा उपाय: वाडा दुरुस्त करायचा. अर्ध्या खोल्या लेणी बघायला येणाऱ्या पर्यटकांना, अर्ध्या खोल्यांत चार-पाच ज्येष्ठ मंडळी कायमची राहायला. नर्स, जेवण, वायफाय. आजीची सोय होईल आणि वाडाही वाचेल. मी लगेच अंगठा टाकला (व्हॉट्सॲपवरचा, मराठीतला अंगठा दाखवणं वेगळं!).

बाबांनी आजीला फोनवर सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग मी तिथं पाव्हणी का मालकीण?"

बारा स्लाइड्समध्ये याचं उत्तर नव्हतं. शनिवारी मी गाडी काढली. गावी जायचं होतंच, पण आधी फर्दापूरला थांबलो.

आपल्यापैकी बहुतेकांसाठी फर्दापूर म्हणजे टी पॉइंट. गाडी लावा, लेण्यांची बस पकडा, परतताना चहा प्या. गावात एक जुनी सराई आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. ही सराई औरंगजेबाच्या काळातली मानतात. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) येणाऱ्या वाटेवर, घाट चढायच्या आधीचा हा मुक्काम. सामान लादलेले बैल-उंट घेऊन अंधारात घाट चढायची हिंमत कोण करणार? म्हणून रात्र इथे काढायची.

सरायांची कल्पना औरंगजेबाची नाही. शेरशाह सूरने सोळाव्या शतकातच आपल्या रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या होत्या. औरंगजेबाच्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या 'आलमगीरनामा'त औरंगाबाद ते आग्रा या रस्त्याबद्दलचा हुकूम येतो: ज्या टप्प्यावर सराई नाही तिथे सरकारी खर्चाने पक्की सराई बांधा, सोबत बाजार, मशीद, विहीर आणि हमाम हवा. थोडक्यात, आजच्या हायवेवरच्या फूड मॉलचं पूर्ण स्पेसिफिकेशन!

सराईचा साचा ठरलेला. उंच भिंत, भक्कम दरवाजा, मधे मोकळं अंगण, कडेने कमानींच्या खोल्या. संध्याकाळी दरवाजा बंद. मनुची लिहितो की सकाळी दरवाजा उघडण्याआधी रखवालदार तीनदा ओरडून सांगायचा, आपापलं सामान तपासा. काही हरवलेलं असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. बर्निए मात्र वैतागलेला दिसतो. माणसं, घोडे, खेचरं, उंट सगळे एकाच जागी. उन्हाळ्यात जीव गुदमरतो आणि थंडीत जनावरांच्या श्वासाचीच काय ती ऊब! (त्या काळी ऑनलाइन रेटिंग असतं तर दोन स्टार नक्की.)

पण सराई चालवायचं कोण? बादशहा भिंती बांधून मोकळा. रोजचं काम भटियारे करत. ही कुटुंबं सराईतच राहायची. बायका-पुरुष मिळून प्रवाशांना स्वयंपाक करून द्यायचे, खाटा द्यायचे, जनावरांना वैरण द्यायचे. म्हणजे हजार लोक येऊन गेले तरी सराईत एक घर कायम असायचं. चूल त्या घराची, प्रवासी पाहुणे. दगड-चुना बादशहाचा असला तरी सराई जिवंत ठेवायची ती भटियाऱ्यांनी.

हा मुद्दा मनात घोळवतच घाट चढलो. वर अजिंठा गाव. जुन्या इमारतीत माणसांची शुश्रूषा ही कल्पना दादाला आज सुचली, पण इथे ती आधी होऊन गेली आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली आणि वेलस्लीने आपल्या जखमींचं इस्पितळ अजिंठ्याच्या तटबंदीच्या आत हलवलं.

पुढे १८४४ मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. तो अजिंठा गावातल्या जुन्या बारादरीत राहिला. एका माणसाने जुनी वास्तू पुन्हा राहती केली, असं म्हणायला हरकत नाही. तिथली पारो त्याच्या आयुष्यात आली (२०१२ चा 'अजिंठा' चित्रपट आठवतो ना?), १८५६ मध्ये ती गेली, तिची कबर गावातच आहे. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलच्या बहुतेक नकला जळाल्या. तरी तो माघारी गेला नाही. १८७९ मध्ये वारला, भुसावळला पुरलेला आहे. नोकरीसाठी आलेला पाहुणा पस्तीस वर्षांत इथलाच झाला.

याच्या बरोबर उलटी गोष्ट खाली फर्दापूरची. लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्लिश चित्रकार १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत फर्दापूरला तळ ठोकून होती. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. बरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार, वेंकटप्पा अशी तरुण मुलं. दिवसभर लेण्यांच्या अंधारात नकला काढायच्या आणि मुक्कामाला फर्दापूर. त्या टीमची ती लीड होती. १९११ मध्ये ती मानसिक आजाराने खचली आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षं तिने इंग्लंडात उपचारगृहांतच काढली. तंबूत राहून मोहीम चालवणारी बाई पक्क्या भिंतींच्या आत फक्त 'पेशंट' उरली. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या प्रश्नाचा अर्थ लागला.

आपल्याकडे ज्येष्ठांसाठी वास्तू नाहीत असं नाही. पुण्यात नवी पेठेतल्या 'निवारा'ची मुळं डेव्हिड ससून यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या देणगीत आहेत. निराधार-अपंगांसाठी सुरू झालेली ती संस्था आज वृद्धांना आसरा देते. २००० च्या दशकात 'अथश्री'सारखे खास ज्येष्ठांचे गृहप्रकल्प आले. २००७ च्या कायद्यात तर प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचं वृद्धाश्रम असावं अशी तरतूद आहे. छप्पर, जेवण, औषध यांचा विचार सगळीकडे होतो आणि तो हवाच. न्हाणीत पडलेल्या आजीला आधी कुणीतरी उचलायला पाहिजे. पण चूल कुणाची, हे कुठल्याच आराखड्यात नसतं.

गावी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सराई सांगितली, भटियारे सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे रांधणारीचं घर, बाकीचे पाव्हणे. मंग ठीकै."

रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "तिने ऐंशीव्या वर्षी स्वयंपाक करायचा का?" मुद्दा बरोबर आहे. आजीला पंधरा माणसांचा स्वयंपाक झेपणार नाही, आणि हे तिलाही माहीत आहे. पण आज काय शिजवायचं, कोणती खोली कुणाला द्यायची आणि दाराची किल्ली कुणाकडे, हे ती ठरवू शकते. नर्स तिच्या घरी कामाला येईल. ती नर्सच्या वॉर्डात जाणार नाही. फरक एवढाच आहे, पण सगळा त्यातच आहे.

दादाने पीडीएफची दुसरी आवृत्ती पाठवली आहे. तेरावी स्लाइड नवीन आहे. पैशाचं गणित अजून जुळत नाही, माळवदाचा खर्च ऐकून बाबा दोन दिवस गप्प होते. पावसाच्या आधी न्हाणीत धरायला दांडा आणि दोन खोल्यांची दुरुस्ती, एवढं नक्की ठरलंय.

बाकीचं आजी ठरवेल. किल्ली तिच्याच कमरेला आहे.