पोलिस शिपायाचें शिक्षण आणि ठाण्याची साक्ष

वसईच्या मुलुखांत 'ठाणें' हा शब्द फार जुना आहे. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहाकडून हा प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेला. पण त्या परक्या राज्यकर्त्यांनींही येथल्या अंमलदाराचें 'ठाणेदार' हें नांव टाकलें नाहीं, आपल्या जिभेला वळेल तसें 'तानादार' करून घेतलें. १७३९ त चिमाजी आप्पानें किल्ला घेतला, पुढें इंग्रज आले. राज्यें बदललीं, ठाणें कायम राहिलें. मात्र ठाण्यांत बसणाऱ्या माणसाला त्याचें काम कोणी शिकवावें, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढें आला तो फार उशिरां. आणि तो शिकला कीं नाहीं हें कोणाला विचारावें, हा प्रश्न तर त्याहूनही उशिरां.

मुंबई इलाख्यांत १८५३ सालीं प्रत्येक जिल्ह्यावर पोलिसांचा एक सुपरिंटेंडेंट नेमण्याची पद्धत सुरू झाली. सिंध प्रांतांत सर चार्लस नेपियर यानें आयर्लंडच्या धर्तीवर जें दल उभारलें होतें, त्याचें हें अनुकरण. १८९० मध्यें जिल्हा पोलिसांचा कायदा झाला. कायदा ठरला, पोशाख ठरला, दर्जे ठरले. पण शिक्षण म्हणजे कवायत, ही समजूत कांहीं हलली नाहीं. कवायत शिकलेला शिपाई रांगेंत उत्तम उभा राहतो, याबद्दल वाद नाहीं. परंतु पंचनामा कसा करावा, घाबरलेल्या फिर्यादीकडून हकीकत कशी काढून घ्यावी, हें सारें त्याला हवालदाराच्या पाठीमागें हिंडून जमेल तसें उचलावें लागे. आणि हवालदारानेंही तें तसेंच उचललेलें असे. वाईट वळण एकदां पडलें कीं तें वारसाहक्कानें उतरावें, अशीच ही योजना होती.

१९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं पोलिस कमिशन नेमलें गेलें. कमिशननें प्रांतोप्रांतीं फिरून सरकारी व बिनसरकारी लोकांच्या साक्षी घेतल्या आणि पुढील वर्षीं अहवाल सादर केला. सरकारनें आपल्या सेवकांविषयीं इतकें कडक लिहिलेलें क्वचितच सांपडेल. पोलिसांचें शिक्षण अपुरें आहे, त्यांच्यावर देखरेख नीट नाहीं, लोक त्यांना लांचखाऊ व जुलमी समजतात आणि म्हणून मदत करीत नाहींत, असा त्याचा आशय होता. अहवाल १९०५ मध्यें लोकांपुढें आला. वरिष्ठांसाठीं प्रांतिक शाळा व शिपायांसाठीं वेगळ्या शाळा काढाव्या, ही त्यांतील प्रमुख सूचना होय. त्यानुसार १९०६ मध्यें पुण्याजवळ भांबुर्डें येथें, म्हणजे आजच्या शिवाजीनगरांत, शाळा सुरू झाली. ती १९०९ सालीं नाशिकास हलविली. आजची महाराष्ट्र पोलिस अकादमी ती हीच. महाराष्ट्रांतील फौजदारांच्या कित्येक पिढ्या नाशिकच्या मैदानावर घडल्या.

शाळा झाल्या, अभ्यासक्रम झाले, परीक्षा झाल्या. पण शाळेच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेला मनुष्य कामाच्या जागीं काय करतो, हें शाळेला क्वचितच कळतें. पोलिसांच्या बाबतींत तर नव्या शिपायाला ठाण्यावर पहिलाच उपदेश होतो तो असा कीं, बाबा रे, तेथें शिकलास तें तेथेंच ठेव. हा उपदेश जोंपर्यंत चालू आहे, तोंपर्यंत परीक्षेंतील गुणांना फारसा अर्थ उरत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर या दुखण्याकडे निराळ्या नजरेनें पाहणारा एक अहवाल झाला. १९७१ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें पोलिसशिक्षणासाठीं समिती नेमली आणि तिचें अध्यक्षपद पोलिस अधिकाऱ्याकडे न देतां मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्राध्यापक माधव सदाशिव गोरे यांना दिलें. कवायत आणि कायद्याचीं कलमें एवढ्यानें भागणार नाहीं, पोलिसाची वृत्तीच घडली पाहिजे, त्यासाठीं त्याला समाजाचें शास्त्र शिकविलें पाहिजे, हा गोरे समितीच्या म्हणण्याचा गाभा होता. तिनें एकंदर १८६ शिफारशी केल्या. समितीचें काम चालू असतांनाच, २६ मार्च १९७२ रोजीं, चंद्रपूर जिल्ह्यांत त्या वेळीं असलेल्या देसाईगंजच्या पोलिस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथें आरोपी पोलिस सुटले. देशभर क्षोभ उसळला आणि अखेर १९८३ सालीं कायदाच बदलावा लागला. वृत्ती घडविण्याची भाषा पुस्तकी वाटणाऱ्यांनीं या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या.

शिक्षणाचा उपयोग झाला कीं नाहीं, हें ओळखावें कसें? अमेरिकेंतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनीं १९५९ मध्यें याच्या चार पायऱ्या सांगितल्या: शिकणाऱ्याला शिक्षण आवडलें काय, तो कांहीं शिकला काय, कामावर त्याचें वागणें बदललें काय, आणि त्यांतून कांहीं निष्पन्न झालें काय. पहिल्या दोन पायऱ्यांचें उत्तर शाळेंतच मिळतें. तिसरीसाठीं शाळा सोडून ठाण्यावर जावें लागतें. तेथें माजी विद्यार्थ्याला विचारावें, आणि त्याच्या वरिष्ठालाही. दोघांच्याही साक्षींत खोट असते, हें विसरतां कामा नये. विद्यार्थी ज्या शिक्षकावर खूष असेल त्याचा विषय उपयोगाचा म्हणतो. वरिष्ठाला बंदोबस्तास वेळेवर हजर राहणारा शिपाई चांगला दिसतो, मग तो फिर्यादीशीं कसा बोलतो याची त्याला दाद नसते. म्हणून तिसरा साक्षीदार हवा. तो म्हणजे ठाण्याची पायरी चढणारा मनुष्य.

राजस्थानांत पोलिसखातें व अर्थशास्त्रज्ञ यांनीं मिळून ११ जिल्ह्यांतील १६२ ठाण्यांवर असा प्रयोग केला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदि विद्वान त्यांत होते, तशाच पोलिस अधिकारी नीना सिंगही. एका उपायांत तर सामान्य नागरिकाचें सोंग घेतलेलीं माणसें ठाण्यांत फिर्याद नोंदवावयास पाठविलीं गेलीं! निष्कर्ष असा निघाला कीं, नोकरींतील लोकांना पुन्हां शिक्षण दिल्यानें आणि त्यांच्या बदल्या थांबविल्यानें कामांत व लोकमतांत सुधारणा झाली. सोंगी फिर्यादींचाही चांगला परिणाम दिसला. पण ठाण्यांत गांवचे निरीक्षक बसविणें किंवा आठवड्याची हमखास सुटी यांचा ठाम परिणाम आढळला नाहीं. बदल्यांची गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. शिकलेला शिपाई आणि त्याला पारखणारा वरिष्ठ हे दोघेही सहा महिन्यांत दुसरीकडे गेले, तर साक्ष कोणाची काढावयाची?

वसई-विरारला हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. १ ऑक्टोबर २०२० रोजीं मीरा-भाईंदर व वसई-विरार मिळून स्वतंत्र पोलिस आयुक्तालय झालें. सदानंद दाते हे पहिले आयुक्त. त्याच वर्षीं १६ एप्रिलला पालघर जिल्ह्यांतच, डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेनें खवळलेल्या जमावानें दोन साधू व त्यांचा मोटारचालक यांना ठार मारलें, आणि तें पोलिसांच्या डोळ्यांदेखत. कांहीं पोलिस निलंबित झाले. त्या रात्रीं जमावापुढें उभ्या राहिलेल्या मूठभर माणसांना अशा प्रसंगाचें शिक्षण कधीं व किती मिळालें होतें, ही चौकशी निलंबनाहून अवघड, पण अधिक कामाची.

वसईच्या एका ठाण्याच्या हद्दींत किनाऱ्यावरचे कोळी, बागाईत करणारे वाडवळ, सामवेदी बोलणारे ख्रिस्ती, पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याचे वारली आणि नालासोपाऱ्याच्या चाळींत दाटलेले उत्तरेकडील कामकरी असे सर्व येतात. २०११ च्या शिरगणतींतच या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. शिपाई बहुधा दूरच्या जिल्ह्यांतून भरती होऊन, सुमारें नऊ महिने शिकून येथें येतो. पाहणी करणाऱ्यानें त्याला प्रथम हें विचारावें कीं, वारली बाई बोलूं लागली तेव्हां तिचें म्हणणें तुला कळलें काय; नंतर त्याच्या फौजदाराला विचारावें कीं, तें याला कळलें हें तुम्हांस कशावरून ठाऊक; आणि मग त्या बाईकडे जावें.