बांबूच्या कामट्यांची गळाची काठी

बांबूच्या कामट्यांची गळाची काठी ही गळाने मासे धरण्यासाठी वापरली जाणारी हस्तनिर्मित काठी होय. बांबू उभा चिरून त्याच्या त्रिकोणी छेदाच्या सहा कामट्या तासतात आणि त्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी छेदाची, भरीव व टोकाकडे निमुळती होत जाणारी काठी तयार करतात. ती प्रामुख्याने फ्लाय फिशिंग या प्रकारात वापरतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तिला आजचे रूप मिळाले व पुढे अनेक दशके तिचे उत्पादन हा भरभराटीचा व्यवसाय होता. काचतंतू आणि कार्बनतंतू यांच्या काठ्या आल्यावर तो जवळजवळ लयास गेला. आज ही कला मुख्यतः घरच्या कार्यशाळेत हौसेने काठ्या घडवणाऱ्यांच्या हाती आहे.

हौशी काठीबांधणीचा याहून अधिक प्रचलित प्रकार वेगळा आहे. त्यात कार्बनतंतूंची तयार पोकळ नळी विकत घेऊन तिच्यावर मूठ, रीळ बसवण्याची बैठक आणि दोरी ओवण्याच्या कड्या बसवतात. कड्यांचे पाय रंगीत दोऱ्याने गुंडाळून त्यावर इपॉक्सीचा लेप देतात. हे काम काही संध्याकाळींत पुरे होते. तेथे काठीचा स्वभाव कारखान्यात आधीच ठरलेला असतो. बांबूच्या काठीत तो कारागिराच्या रंध्याखाली ठरतो.

रचनेमागील तत्त्व

नेहमीच्या गळात आमिषाला किंवा शिशाला वजन असते व त्या वजनामागे दोरी ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे गळाला पिसे व दोरा बांधून केलेला खोटा कीटक. त्याला नावापुरतेच वजन असते. त्यामुळे दोरीच जाड व जड केलेली असते आणि काठी ती दोरी हवेत मागेपुढे झुलवून दूर फेकते. काठी किती, कोठे आणि कोणत्या क्रमाने वाकते यावर सारी फेक अवलंबून असते.

बांबूच्या खोडात बळकट तंतू सर्वत्र सारखे नसतात. सालीलगत ते दाट असतात आणि आतल्या पोकळीकडे विरळ होत जातात. सबंध बांबूची काठी हलकी असली, तरी तिची जाडी, निमुळतेपणा व गाठींची जागा निसर्गाने ठरवून दिलेली असते. बांबू चिरून, प्रत्येक कामटीची सालीकडील बाजू बाहेर ठेवून सहा कामट्या जोडल्या की सर्वांत बळकट तंतू काठीच्या पृष्ठभागाशी येतात आणि वाकताना सर्वाधिक ताण तेथेच पडतो. शिवाय निमुळतेपणा कारागिराच्या इच्छेप्रमाणे ठेवता येतो. चार किंवा पाच कामट्यांच्याही काठ्या केल्या जातात, पण सहा कामट्यांची पद्धतच रूढ आहे.

भरीव काठीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. साधारण सव्वादोन मीटर लांबीच्या काठीची जाडी मुठीपाशी ८ ते ९ मिलिमीटर, तर शेंड्याला जेमतेम १.६ मिलिमीटर असते. म्हणजे शेंड्याशी प्रत्येक कामटीची उंची सुमारे ०.८ मिलिमीटरच भरते. तेथे प्रत्येक कामटी ०.०२५ मिलिमीटरने, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने, जाड राहिली तर समोरासमोरच्या दोन कामट्या मिळून काठीची जाडी सुमारे ३ टक्क्यांनी आणि ताठपणा सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना न दिसणारी ही चूक हाताला मात्र जाणवते. या कामात सुतारकामापेक्षा मोजमापाची शिस्त अधिक लागते, ती याच कारणाने.

बांबू

एकोणिसाव्या शतकातील काठ्या भारतातून गेलेल्या बांबूच्या असत. कलकत्ता बंदरातून निर्यात होत असल्यामुळे पाश्चात्त्य बाजारात तो ‘कलकत्ता बांबू’ या नावाने ओळखला जाई. ही जात बहुधा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, म्हणजे महाराष्ट्रातील जंगलांत विपुल आढळणारा मानवेल बांबू, असे मानले जाते. लाठ्यांसाठी याच बांबूची ख्याती आहे. त्याच्या खोडावर अनेकदा भाजल्याचे डाग असत आणि जुन्या काठ्या ओळखण्याची ती एक खूण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याची जागा ‘टोंकिन’ बांबूने घेतली. हे नाव फसवे आहे. टोंकिन हा उत्तर व्हिएतनामचा प्रदेश. हा बांबू मात्र चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील हुआईजी परिसरात, सुई नदीच्या खोऱ्यात लावला जातो. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात काम करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्‌क्लूर यांनी १९३१ मध्ये त्याला अरुंडिनेरिया अमाबिलिस असे शास्त्रीय नाव दिले. हल्ली त्याची गणना स्यूडोसासा या प्रजातीतही करतात. ‘अमाबिलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मनोहर असा होतो. सरळ वाढ, फारशा न फुगलेल्या गाठी आणि सालीलगतच्या तंतूंचा जाड थर हे त्याचे गुण होत.

इतिहास

अमेरिकेत या काठीच्या जनकत्वाचा मान सामान्यतः पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिपी यांना दिला जातो. त्यांनी १८४० च्या दशकात कामट्या जोडून काठ्या केल्या. सहा कामट्यांच्या काठीला बाजारपेठ मिळवून दिली ती मेन राज्यातील बँगोर येथील हायरम लेनर्ड यांनी. कामट्यांना अचूक कोनात कापणारे यंत्र त्यांच्या कारखान्यात होते आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवले जाई, असे सांगतात. ही गुप्तता त्या व्यवसायाचा स्वभावच होता. काठीच्या जाडीची कोष्टके हे प्रत्येक कारखान्याचे भांडवल होते आणि ते कागदावर क्वचितच बाहेर पडत असे.

हौशी लोकांसाठी लिहिणाऱ्या आरंभीच्या लेखकांत डॉ. जॉर्ज पार्कर होल्डन यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या सहवासातून एव्हरेट गॅरिसन (१८९३–१९७५) हे अभियंते या कामाकडे वळले. पूल किंवा तुळई यांच्यावरील ताणाचा हिशेब जसा मांडतात, तसा गॅरिसन यांनी काठीचा मांडला. दोरीचे, कड्यांचे, व्हार्निशचे आणि खुद्द बांबूचे वजन धरून दर पाच इंचांवर ताण किती असावा हे आधी ठरवायचे आणि त्यावरून तेथील जाडी काढायची, अशी त्यांची रीत होती. तोवर जाडी अनुभवाने ठरत असे व मग काठी कशी फेकते ते पाहिले जाई. येथे क्रम उलटा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या स्वस्त काठ्या बाजारात आल्या. पाठोपाठ १९५० च्या अखेरीस कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेने चीनशी व्यापारबंदी केली आणि टोंकिन बांबूची आवक थांबली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. साठवलेल्या बांबूवर काही कारखाने तगले, बहुतेक बंद पडले. बंदी उठली त्यानंतर थोड्याच वर्षांत कार्बनतंतूंची काठी आली. ती अधिक हलकी, अधिक लांब फेकणारी आणि पावसापाण्याची पर्वा न करणारी होती.

या कलेचे पुढे काय झाले असते हे १९७७ मधील एका पुस्तकाने बदलले. होगी कारमायकेल यांनी गॅरिसन यांच्या कामाच्या नोंदी व चित्रीकरण करून, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची संपूर्ण पद्धत कोष्टकांसह प्रसिद्ध केली. कुलपाआडची विद्या अशा रीतीने कोणाही वाचकाला खुली झाली. आज या छंदात असणाऱ्यांपैकी बरेच जण थेट किंवा दुसऱ्याच्या हातून त्याच पुस्तकाचे विद्यार्थी आहेत. जुन्या नामांकित काठ्या मोजून त्यांची कोष्टके एकमेकांना देण्याची प्रथाही नंतर रूढ झाली.

घडण

सुमारे १२ फूट लांबीचा व दोन ते अडीच इंच व्यासाचा वाळलेला बांबू घेऊन तो मधोमध कापतात. डाग, किडीची छिद्रे व पानांच्या खुणा पाहून कोणता भाग टाकायचा ते ठरवतात. मग सुरीने बांबू आधी अर्धा व पुढे पुन्हा पुन्हा दुभागत चिरतात. करवतीने कापण्यापेक्षा चिरणे श्रेयस्कर मानतात, कारण चीर तंतूंच्या दिशेने जाते व तंतू तुटत नाहीत. महाराष्ट्रातील बुरूड कारागीर टोपल्या व सुपांसाठी कामट्या काढतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

गाठी हा या कामातील सर्वांत कटकटीचा भाग. गाठीशी तंतू वळणे घेतात, त्यामुळे तेथे कामटी वाकडी असते व सहज मोडते. गाठ तापवून व्हाइसमध्ये दाबतात, सरळ करतात आणि उरलेला उंचवटा कानशीने घासतात. सहा कामट्या मांडताना त्या एकमेकींपासून पुढेमागे सरकवतात, म्हणजे शेजारच्या कामट्यांच्या गाठी एका जागी येत नाहीत. दोन भागांच्या काठीला बारा कामट्या लागतात. जादा शेंडा करण्याची प्रथा पाळल्यास अठरा. एवढ्या गाठी सरळ करण्यातच पहिले काही दिवस जातात.

कामट्यांना ढोबळ त्रिकोणी आकार दिल्यावर त्या एकत्र बांधून भट्टीत १७५ ते १९० अंश सेल्सिअसच्या आसपास मोजकी मिनिटे भाजतात. यामुळे ओलावा जातो व बांबू अधिक ताठ होतो. भाजणे अधिक झाले तर तो ठिसूळ होतो आणि त्यावर उपाय नाही.

यानंतरचे तासकाम हा या कलेचा गाभा आहे. त्यासाठी पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी ठेवून त्यांच्यामध्ये ६० अंशांची खाच केलेली असते. दर पाच इंचांवरील स्क्रूंनी पट्ट्या जवळ किंवा दूर करता येतात, त्यामुळे खाचेची खोली हव्या त्या कोष्टकाप्रमाणे कमीजास्त होते. कामटी खाचेत ठेवून पोलादाच्या पृष्ठभागाशी येईपर्यंत रंधा मारतात व बाजू आलटूनपालटून तासतात. रंध्याचे पाते वारंवार पाजळावे लागते. सालीच्या बाजूला रंधा कधीही लावत नाहीत, कारण तेथील एक थर गेला तरी काठीचे बळच जाते. शेंड्याकडील कामटी अखेरच्या हातांत इतकी बारीक होते की रंध्याचा एक चुकलेला हात सारे श्रम वाया घालवू शकतो.

तयार कामट्या जोडण्यासाठी पूर्वी जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरीत. तो ओलाव्याने सुटत असल्यामुळे जुन्या काठ्या भिजल्या की फुटत. आता कृत्रिम राळ किंवा इपॉक्सी वापरतात. डिंक लावून कामट्या जुळवल्या की सुती दोऱ्याने ताण देऊन एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने गुंडाळतात आणि डिंक ओला आहे तोवर सपाट जागेवर लाटून काठी सरळ करतात.

काठीचे भाग जोडण्याच्या नळ्या जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूच्या असतात. नाव काही असले तरी तीत चांदी नसते, तांबे, निकेल व जस्त असते. मुठीसाठी बुचाच्या चकत्या ओवून चिकटवतात व लेथवर घासून आकार देतात. कड्या रेशमी दोऱ्याने बांधतात. व्हार्निश दिल्यावर रेशीम जवळजवळ पारदर्शक होते व खालचा बांबू दिसू लागतो. कोणास रंग टिकवायचा असेल तर आधी वेगळा लेप द्यावा लागतो. शेवटी काठी व्हार्निशने भरलेल्या उभ्या नळीत बुडवून अत्यंत सावकाश वर ओढतात. एका काठीस सर्व मिळून साधारण ४० ते ६० तास लागतात, असे कारागीर सांगतात.

वापर व निगा

कार्बनच्या काठीपेक्षा बांबूची काठी जड असते व तिची लय संथ असते. लांब पल्ल्याच्या फेकीला ती कमी पडते. लहान ओढ्यावर, जवळच्या अंतरावर दोरी हलकेच पाण्यावर टेकवण्यास ती उत्तम समजली जाते. ओली काठी पिशवीत वा नळीत बंद केल्यास व्हार्निश खराब होते, म्हणून ती आधी कोरडी करतात. भिंतीला टेकवून ठेवल्यास तिला बाक येतो; सौम्य उष्णता देऊन तो काढता येतो. फुटलेली कामटी पुन्हा चिकटवता येते आणि शेंडा मोडल्यास मूळ कोष्टक हाती असेल तर तसाच दुसरा करता येतो. जुन्या काठ्यांसोबत त्यांची कोष्टके जपून ठेवण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.