कॅनडाच्या विमानांवरील तांबडा ठिपका

शाळेंत इतिहास शिकवितांना मीं मुलांकडून देशोदेशींचीं निशाणें पुष्कळ वेळां काढवून घेतलीं. रंग चुकला तर फार तर एक गुण कमी होई. रणांगणावर मात्र रंगाची गल्लत झाली कीं माणसाचा जीव जातो. कॅनडाच्या विमानांवरील राष्ट्रचिन्हाची जी हकीकत आज मी सांगणार आहें, ती या गोष्टीचें बोलकें उदाहरण आहे.

प्रथम या चिन्हाचा जन्म पाहूं. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां ब्रिटिशांनीं आपल्या विमानांवर आपलें निशाणच रंगविलें. परंतु लांबून त्यांतील फुली तेवढी दिसे, आणि ती जर्मनांच्या क्रुसासारखी भासे. त्यामुळें खालचें त्यांचेंच सैन्य त्यांच्याच विमानांवर गोळ्या झाडी. मग त्यांनीं फ्रेंचांचें वर्तुळ उचललें आणि रंगांचा क्रम उलटा केला: बाहेर निळा, मध्यें पांढरा व केंद्रांत तांबडा. कॅनडाचें शाही विमानदल १ एप्रिल १९२४ रोजीं अस्तित्वांत आलें, त्यानेंही हेंच चिन्ह घेतलें. देश निराळा, पण आकाशांतील ओळख ब्रिटनची!

दुसऱ्या महायुद्धांत या वर्तुळाला प्रसंगानुसार वेष पालटावा लागला. रात्रीं जर्मनीवर जाणाऱ्या बाँबफेकी विमानांच्या पंखांवर पांढरा रंग चमकला तर घात व्हावयाचा. म्हणून तेथें निळा व तांबडा एवढेच रंग ठेवीत. १ जानेवारी १९४३ रोजीं यॉर्कशायरमध्यें कामास लागलेल्या कॅनडाच्या सहाव्या गटाचीं विमानें याच वेषांत उडत.

पूर्वेकडे मात्र संकट निराळें होतें. डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें ब्रिटन व अमेरिका यांवर हल्ला चढविला. जपानी विमानांवर तांबडें सूर्यबिंब असे. विमान डोक्यावरून भर्रकन निघून जातें. तोफेवरील शिपायास विचार करावयास एखाददुसरा क्षण मिळतो. तांबडें कांहीं दिसलें कीं तो गोळी झाडून मोकळा व्हावयाचा. म्हणून अमेरिकेनें मे १९४२ मध्यें आपल्या ताऱ्यांतील तांबडा ठिपका पुसून टाकला. हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या आघाडीवरील ब्रिटिश विमानदलानेंही पुढें तोच मार्ग धरला. तेथें गर्द निळ्या वर्तुळांत फिका निळा ठिपका असें नवें चिन्ह आलें.

या भागांत कॅनेडियन वैमानिकही लढत होते. ४ एप्रिल १९४२ रोजीं स्क्वाड्रन लीडर लिओनार्ड बर्चल यांनीं सिलोनच्या दक्षिणेस जपानी आरमार पाहिलें व बिनतारी संदेश धाडला. त्यांचें कॅटलिना विमान पाडलें गेलें आणि युद्ध संपेपर्यंत ते कैदेंत राहिले. पण बेट सावध झालें. पुढें १९४४ मध्यें पंजाबांतील गुजरात नांवाच्या शहरीं – तें आतां पाकिस्तानांत आहे – कॅनडाच्या ४३५ व ४३६ क्रमांकांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या डाकोटा विमानांनीं ब्रह्मदेशांत लढणाऱ्या चौदाव्या सैन्याला अन्न व दारूगोळा पोंचविला. त्या आघाडीवर हिंदी विमानदलाचे वैमानिकही त्याच निळ्या चिन्हाखालीं लढत होते. दोन देशांचे तरुण एका चिन्हाखालीं उडत होते, आणि तें चिन्ह दोघांपैकीं कोणाचेंच नव्हतें.

आपली खूण असावी ही ओढ कॅनेडियनांना युद्धकाळींही होतीच. कित्येकांनीं विमानाच्या नाकाजवळ मेपलचें लहानसें पान रंगवून ती भागविली. १९४६ सालीं तिला अधिकृत रूप आलें. वर्तुळाच्या केंद्रांतील तांबडा ठिपका गेला व त्या जागीं मेपलचें तांबडें पान आलें. १९६५ सालीं देशाला नवें निशाण मिळालें, तेव्हां त्यावरील अकरा टोकांचें पान विमानांवरही उमटलें. आपल्याकडेही १९४७ नंतर विमानांवर अशोकचक्र आलें व १९५० पासून तिरंगी वर्तुळ.

राष्ट्रचिन्ह हें युद्धांत प्रथम जीव वांचविण्याचें साधन असतें. त्यासाठीं रंग पुसावा लागला तर तो पुसलाच पाहिजे. पण ज्या चिन्हाखालीं माणसें मरणाला सामोरीं जातात, तें त्यांचें स्वतःचें असावें, ही अपेक्षाही तितकीच खरी आहे. पूर्वेच्या आकाशांत ज्या ठिपक्याला जागा उरली नव्हती, त्याच्याच जागीं पुढें एका राष्ट्राचें पान उमललें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.